कडी आतून निघते

विद्यार्थिदशेत जवळजवळ दोन वर्षे माझा एक ठरलेला उद्योग होता. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचा चुरा दाबून भरायचा, त्यावर पेशींची प्लेट सपाट बसेल अशी ठेवायची, पेशींवरचे पोषक माध्यम पुरेसे गार झाले की त्यात चकाकणारा हिरवा रंग जोडलेले ॲडेनोविषाणू (सर्दी-खोकला आणणारे साधे विषाणू) सोडायचे आणि तासभर थांबायचे. तापमान चार अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले पाहिजे म्हणून हे सारे शीतखोलीत चाले, आणि स्वेटर घालून स्टुलावर बसलेली मी दर दहा मिनिटांनी प्लेट हलक्या हाताने कलवत असे. तास झाला की थंड द्रावणाने तीनदा धुवायचे, म्हणजे न चिकटलेले विषाणू वाहून जातात. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की प्रत्येक पेशीच्या कडेने हिरव्या ठिपक्यांची झालर दिसे. आत एकही ठिपका नसे. विषाणू आपापल्या ग्राहींना, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रथिनांना, धरून बसलेले असत, आणि प्लेट बर्फावरून उचललीच नाही तर ते तसेच बसून राहत.

जोडीची दुसरी प्लेट सदतीस अंशांच्या उबवणपेटीत जाई. दहा-पंधरा मिनिटांत तिच्यातली झालर विरळ होऊ लागे, ठिपके आत उतरत, आणि तासाभराने त्यांतले बरेचसे केंद्रकाच्या कडेला गोळा झालेले दिसत. दोन्ही प्लेटमधले विषाणू एकाच कुपीतले, ग्राही तेच, चिकटणेही तितकेच घट्ट. फरक होता तो फक्त उबेचा, आणि उबेने सुरू होईल असे कोणतेही यंत्र विषाणूपाशी नसते. तो ऊर्जा तयार करत नाही, पोहत नाही, ढकलत नाही. पेशीबाहेर असताना तो रसायनशास्त्रातल्या एखाद्या मोठ्या रेणूइतकाच निश्चल असतो. म्हणजे गारठ्यात थांबलेले आणि उबेत पुन्हा चालू झालेले जे काही होते, ते सगळे पेशीचे होते. हे त्या वेळी मला वाक्य म्हणून ठाऊक होते. ते खरोखर काय सांगते हे लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

उशीर होण्याचे एक कारण कुलूप-किल्लीची उपमा हे असावे. एमिल फिशरने १८९४ मध्ये विकर आणि त्याचे लक्ष्य यांच्यासाठी वापरलेली ही उपमा पुढे विषाणू आणि त्याच्या ग्राहीलाही चिकटवली गेली, आणि शाळेच्या पुस्तकापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे ती इतकी रुळली की तिच्याबद्दल शंका घेणे कुणाला सुचत नाही. विषाणूच्या हाती किल्ली, पेशीच्या दाराला कुलूप. किल्ली बसली की दार उघडले. या चित्रात पेशी म्हणजे नुसती भिंत ठरते आणि सगळे कर्तेपण विषाणूकडे जाते. त्याला जोडून मग हल्ला, घुसखोरी, शिरकाव हे शब्द येतात. बर्फावरच्या माझ्या प्लेटमध्ये मात्र किल्ली कुलपात बसलेली होती आणि दार बंदच होते. बाहेरच्याला फक्त कडी वाजवता येते. ती काढणारा हात आतला असतो. विषाणूचे सारे कसब एवढेच, की कडी अशी वाजवायची की आतल्याला आपलेच माणूस आल्यासारखे वाटावे.

आतला हात म्हणजे संकेतवहन. पेशीपटलाबाहेर काय चालले आहे याची वर्दी आत पोहोचवणारी ही व्यवस्था कागदावर बाणांच्या जंजाळासारखी दिसते. मुळात मात्र ती प्रथिनांच्या बैठकी बदलण्याची साखळी आहे. ग्राहीला बाहेरून काही धरले की त्याचा आतला भाग किंचित हलतो किंवा शेजाऱ्याजवळ सरकतो. त्यामुळे जवळचा एखादा कायनेज जागा होतो. कायनेज हे असे विकर, की जे एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूमधला फॉस्फेटचा गट काढून दुसऱ्या प्रथिनावर बसवते. त्या ऋणभारित गटामुळे ते प्रथिन आकार बदलते, पूर्वी ज्याला धरत नव्हते त्याला धरू लागते, आणि वर्दी पुढे सरकते. फॉस्फेट काढून टाकणारी विकरे मागून येतच असतात, त्यामुळे कोणतीही वर्दी फार काळ टिकत नाही. मानवी जनुकसंचातील कायनेजांची मोजदाद २००२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा आकडा ५१८ निघाला होता. वाढायचे की थांबायचे, कुठे सरकायचे, काय गिळायचे आणि केव्हा मरायचे, हे पेशी या भाषेत ठरवते.

आता या भाषेतली एक खोड विषाणूच्या पथ्यावर पडते. पेशीपटलावरचे बरेच ग्राही एकेकटे असताना गप्प असतात आणि दोन किंवा अधिक एकत्र आले की बोलू लागतात. वाढीचा निरोप आणणाऱ्या घटकांचे ग्राही जोडीने जवळ येतात तेव्हा त्यांचे आतले कायनेज एकमेकांवर फॉस्फेट बसवतात; इंटिग्रिन नावाचे ग्राही झुबक्याने गोळा झाले की त्यांच्याभोवती आतून संकेतप्रथिनांची गर्दी जमते. गोळा होणे हाच निरोप. आणि विषाणूचे कवच म्हणजे एकाच नक्षीची पुनरावृत्ती. याचे कारण क्रिक आणि वॉटसन यांनी १९५६ मध्येच सुचवले होते: विषाणूचा जनुकसंच इतका तोकडा असतो की मोठे कवच बांधायला निरनिराळी प्रथिने त्याला परवडत नाहीत, तेव्हा एकच प्रथिन पुन्हा पुन्हा वापरून सममित कवच रचणे त्याला भाग पडते. साध्या वीसमुखी कवचात साठ सारख्या जागा असतात. म्हणजे अशा विषाणूच्या पृष्ठभागावर एकाच ग्राहीला धरणारे अनेक हात ठरावीक अंतरावर आयतेच बसलेले असतात, आणि पटलावर टेकताच तो ग्राही गोळा करू लागतो. गरिबीपोटी पत्करलेली पुनरावृत्ती कडी वाजवायला नेमकी उपयोगी पडावी, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण विषाणूला अनेकदा लावली जाते, पण या नागोबाला बीळही आयते मिळत नाही. ते त्याला मुंग्यांकडूनच खणून घ्यावे लागते.

खणून घेणे म्हणजे काय, हे कॉक्सॅकी बी विषाणूत सर्वांत स्पष्ट दिसते. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी या गावच्या रुग्णांच्या नमुन्यांतून या कुळातले पहिले विषाणू १९४८ मध्ये वेगळे केले गेले, म्हणून हे नाव. पोलिओच्या विषाणूचा हा नातलग आतड्यातून शरीरात येतो आणि काही वेळा हृदयाच्या स्नायूला किंवा मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. त्याला पेशीत शिरायचे तर सीएआर नावाचा ग्राही गाठावा लागतो. कॉक्सॅकी आणि ॲडेनो या दोन्ही विषाणूंचा ग्राही म्हणूनच त्याचे नाव पडले आहे. अडचण अशी, की आतड्याच्या अस्तरात पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात आणि त्यांच्या खांद्यांमधल्या फटी प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी शिवून टाकलेल्या असतात. सीएआर असतो तो नेमका या सांध्यांत. विषाणू येतो वरून, आतड्याच्या पोकळीतून. त्याच्या समोर पेशींची सपाट माथी असतात आणि हवा असलेला ग्राही शिवणीच्या आत.

माथ्यावर जे भरपूर सापडते ते डीएएफ नावाचे दुसरेच प्रथिन. रक्तातील पूरक प्रथिनांची फौज आपल्याच पेशींवर उलटू नये म्हणून त्यांना आवरणे हे त्याचे एरवीचे काम. कॉक्सॅकी बी विषाणूंचे अनेक वाण डीएएफला धरतात. पण धरून काय साधते हे बराच काळ नीट कळत नव्हते, कारण नुसत्या डीएएफला चिकटून विषाणू पेशीत शिरत नाही. कॅरोलिन कॉइन आणि जेफ्री बर्गेलसन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून वाढवलेल्या आणि अस्तरासारखी घट्ट चादर करणाऱ्या पेशींवर काम करून २००६ मध्ये त्याचे उत्तर दिले. विषाणू डीएएफचे रेणू गोळा करतो. त्यामुळे पेशीच्या आत एबीएल हा कायनेज जागा होतो. एबीएलकडून वर्दी रॅक नावाच्या छोट्या प्रथिनाला पोहोचते. आणि रॅक पटलाखालच्या ॲक्टिनच्या, म्हणजे पेशीचा सांगाडा असलेल्या प्रथिनाच्या, धाग्यांची मांडणी बदलू लागतो. मांडणी बदलते तसा विषाणू, डीएएफला धरलेला असतानाच, पेशीच्या माथ्यावरून कडेच्या सांध्याकडे वाहून नेला जातो. तिथे त्याला सीएआर भेटतो आणि त्याच्या पकडीत विषाणूचे कवच आपला आकार बदलते. त्याच सुमारास डीएएफनेच जागा केलेला फिन नावाचा दुसरा कायनेज कॅव्हिओलिन या प्रथिनावर फॉस्फेट बसवतो, आणि त्यानंतरच कॅव्हिओलिनच्या पुटिकेतून, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशवीतून, विषाणू आत घेतला जातो. एबीएल रोखला तर विषाणू माथ्यावरच राहतो. फिन रोखला तर तो सांध्यापर्यंत पोहोचतो आणि तिथे अडकतो.

यातली एक बारीक गोष्ट मला अजूनही थबकवते. डीएएफला पेशीच्या आत पोहोचणारे शेपूटच नाही. पटलाच्या दोन पदरांपैकी बाहेरच्या पदरात स्निग्धाचा एक नांगर टाकून ते नुसते तरंगत असते. तरीही त्याचे रेणू गोळा झाल्याचे आतल्या पदराला चिकटलेल्या फिनसारख्या कायनेजांना कळते. शेपूट नसलेली अशी प्रथिने प्रतिपिंडांनी एकत्र ओढली की आतले कायनेज जागे होतात, हे टी-पेशी या प्रतिकारपेशींमध्ये १९९० च्या दशकात दिसले होते. म्हणजे विषाणूने ही वाट शोधून काढलेली नाही, ती पेशीत होतीच. एबीएलची ओळख तर बहुतेकांना वेगळ्याच संदर्भात असते. रक्ताच्या एका जुनाट कर्करोगात हाच कायनेज बिघडून सतत चालू राहतो, आणि त्याला बंद करणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये वापरात आले.

माझ्या ॲडेनोविषाणूची कडी वाजवण्याची तऱ्हा याहून सरळ आहे. त्याच्या कवचाला बारा कोपरे असतात, प्रत्येक कोपऱ्यातून एक काठी बाहेर आलेली असते आणि काठीचे टोक सीएआरला धरते. काठीच्या बुडाशी असलेल्या प्रथिनात आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा क्रम पाच वेळा येतो. पेशींना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या फायब्रोनेक्टिनमध्येही हाच तीन अक्षरी क्रम आहे, आणि इंटिग्रिन पायाखालची जमीन त्यावरूनच ओळखतात. विषाणूच्या कोपऱ्यावर पाच इंटिग्रिन गोळा झाले की पेशीला पाय टेकल्याचा भास होतो. पीआय-३ कायनेज जागा होतो, त्यामागून रॅक, त्यामागून ॲक्टिन, आणि पेशी पटल आत ओढून घेते.

हे सगळे आपल्या हातून एकदा घडवून पाहावे म्हणून मी पीआय-३ कायनेज रोखणारे एक औषध पेशींवर टाकून पाहिले होते. या वेळचा ॲडेनोविषाणू वाढ न होणारा पण पेशीला हिरवा करणारे जनुक वाहून नेणारा होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी हिरव्या पेशी मोजल्या की काम झाले. आकडा दहापट खाली आला. मी त्याचा आलेख काढला, त्रुटीरेषा घातल्या, आणि तो आमच्या मार्गदर्शक बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आलेखाकडे पाहिलेही नाही. "पेशी जिवंत होत्या का गं?" एवढेच विचारले. मी परत जाऊन निळा रंग टाकून पाहिला. जिवंत पेशी तो आत घेत नाही, मेलेली घेते. प्लेटभर निळेच निळे होते. औषध ज्यात विरघळवले होते त्या डीएमएसओचे प्रमाण मी हिशेब चुकवून कितीतरी जास्त ठेवले होते आणि नुसत्या डीएमएसओची जोडप्लेट ठेवायची विसरले होते. मेलेले घर कडी काढत नाही, यात कसला शोध? या शाखेतली कितीतरी कामे अशा रोधक औषधांवर उभी आहेत, म्हणून शोधनिबंध वाचताना मी आजही आधी जोडप्लेट शोधते.

चुका मोठ्यांकडूनही होतात आणि त्या कशा दुरुस्त होतात हे पाहण्यासारखे असते. एसव्ही-४० हा विषाणू १९६० मध्ये पोलिओच्या लशीसाठी वापरल्या जाणाऱ्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत सापडला. झुरिकमध्ये अरी हेलेनियस यांच्या प्रयोगशाळेत लुकास पेल्कमन्स यांनी २००१ आणि २००२ मध्ये त्याचा प्रवेश टप्प्याटप्प्याने टिपला. पटलावरच्या कॅव्हिओला नावाच्या, एरवी जागची न हलणाऱ्या खळगीत विषाणू अडकतो. प्रथिनांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवणारे कायनेज जागे होतात. आजूबाजूचे ॲक्टिनचे धागे सुटे होतात आणि नेमके त्या खळगीपाशी गोळा होतात. पटल चिमटणारे डायनामिन तिथे येते. आणि शांत बसलेली खळगी विषाणूसकट आत निघते. कायनेज रोखले तर ती जागीच राहते. इथवरचे निरीक्षण टिकले. त्यापुढे खळग्या ज्या आतल्या थांब्यावर जातात असे वाटले त्याला 'कॅव्हिओसोम' हे नाव दिले गेले, ते पाठ्यपुस्तकांत गेले, आणि २०१० मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवले की असा वेगळा थांबाच नाही; चकाकणारे कॅव्हिओलिन पेशीत प्रमाणाबाहेर तयार करवल्यामुळे ते एरवीच्याच पुटिकांत साचत होते.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली, ती माझ्या लाडक्या मांडणीला थोडी छेद देते. एसव्ही-४० च्या कवचातले पाच प्रथिनांचे पंचकड पटलातल्या जीएम-१ या शर्करायुक्त स्निग्धाला धरते, आणि असे बरेच रेणू एका वेळी धरले की पटल आपोआप आत वाकते. पेशी नसलेल्या, नुसत्या स्निग्धाच्या कृत्रिम पिशव्यांवरही ते वाकते. तेव्हा सगळेच पेशी करते असे म्हणता येत नाही. खड्डा पाडणे विषाणूला जमते. मात्र जिवंत पेशीत तो खड्डा चिमटून सुटा करणे त्याच्या हाताबाहेरचे आहे आणि त्यासाठी पुन्हा वर्दी द्यावी लागते.

आता ज्या विषाणूसाठी हा लेख लिहावासा वाटला त्याच्याकडे येते. व्हॅक्सिनिया म्हणजे देवीच्या लशीतला विषाणू. याच्याच जोरावर देवी हटली आणि १९८० मध्ये तिचे निर्मूलन जाहीर झाले. विषाणूंमध्ये तो धिप्पाड: साधारण ३६० नॅनोमीटर लांब, विटेसारखा. कॉक्सॅकी जेमतेम ३० नॅनोमीटरचा. एवढी वीट नेहमीच्या छोट्या खळगीत मावत नाही. जेसन मर्सर आणि हेलेनियस यांनी २००८ मध्ये जिवंत पेशींवर जे चित्रित केले ते पाहताना प्रथम पेशीला काहीतरी वाईट झाले असावे असे वाटते. पेशीच्या बोटासारख्या बारीक फुटव्यावर विषाणू चिकटतो आणि फुटव्यावरून घरंगळत पेशीच्या अंगापर्यंत येतो. अंगाला टेकताच तिथे पटलाचा एक गोल फोड वर येतो. मग शेजारी दुसरा. थोड्याच वेळात पेशीभर फोड फुगत आणि बसत असतात, उकळी आलेल्या भांड्यासारखे. एकेक फोड फुगतो, त्याच्या आतल्या बाजूला ॲक्टिनचे अस्तर तयार होते, अस्तर आकसते आणि फोड परत अंगात जिरतो. जिरताना बाहेरचा द्रव मोठ्या घोटासारखा आत ओढला जातो आणि त्या घोटाबरोबर विषाणू आत जातो. पेशीच्या या पिण्याला मॅक्रोपिनोसायटोसिस म्हणतात आणि पॅक-१ हा कायनेज त्याला अपरिहार्य असतो. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची म्हण आपल्याकडे आहे. इथे विषाणू दुसऱ्याला पाणी पाजतो आणि पाण्याबरोबर स्वतः जातो.

एवढी उलथापालथ एका कणाने कशी घडवावी, याचे उत्तर त्याच्या आवरणात आहे. त्यात फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचे स्निग्ध भरपूर असते. निरोगी पेशी हे स्निग्ध पटलाच्या आतल्या पदरात जपून ठेवते. पेशी शिस्तीत मरू लागते तेव्हाच ते बाहेरच्या पदरात येते, आणि त्याचा अर्थ शेजारच्या पेशींना नेमका ठाऊक असतो: मी मेले आहे, मला आवरून टाका. व्हॅक्सिनिया हाच निरोप अंगभर गुंडाळून येतो. त्याच्या आवरणातले स्निग्ध काढून टाकले तर तो निकामी होतो, आणि फॉस्फॅटिडिलसेरीन परत बसवले की पुन्हा पूर्ववत होतो. पेशी त्याला शेजाऱ्याच्या मृतदेहाचा तुकडा समजून पोटात घेते. असा तुकडा गिळताना पेशी बोभाटाही करत नाही, कारण रोज मरणाऱ्या असंख्य पेशी दाह न होऊ देता आवराव्या लागतात. विषाणूला हीच शांतता हवी असते. इबोलाच्या आवरणातही हे स्निग्ध असते आणि तोही मोठ्या घोटातूनच आत जातो. गंमत म्हणजे व्हॅक्सिनियाचा एक वाण पेशीवर फोड आणतो, तर दुसरा फोड न आणता लांब फुटवे काढायला लावतो. एकाच विषाणूच्या दोन वाणांनी एकच गोष्ट मागण्याच्या दोन रीती धराव्यात, याचे कारण शोधण्यात कुणाचे तरी आयुष्य जाईल.

कचऱ्याचे सोंग इन्फ्लुएंझाही आणतो, फक्त उशिरा. तो आधीच पुटिकेतून आत आलेला असतो. पण कवच फोडून जनुके बाहेर काढण्यासाठी त्याला जोर हवा असतो. २०१४ मध्ये दिसून आले, की तो आपल्या पोटात युबिक्विटिनच्या सुट्या साखळ्या घेऊन येतो, आणि युबिक्विटिन म्हणजे पेशीच्या दृष्टीने टाकाऊ मालावरची चिठ्ठी. बिघडलेल्या प्रथिनांचे गोळे ओढून नेणारी यंत्रणा ती चिठ्ठी पाहून कवच ओढू लागते आणि ओढाताणीत ते फुटते.

एचआयव्हीच्या बाबतीत संकेतवहनाचा प्रश्न एक तप तरी चुकीच्या ठिकाणी विचारला गेला. या विषाणूला टी-पेशीवर सीडी-४ हा एक ग्राही आणि त्याच्या जोडीला सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ यांपैकी एक लागतो, हे १९९६ पर्यंत स्पष्ट झाले. हे दोन्ही जोडग्राही एरवी पेशीला 'कुठे जायचे' ते सांगणारे रासायनिक निरोप ऐकतात, तेव्हा विषाणूच्या स्पर्शानेही ते बोलू लागत असणार, हे उघड होते. पण ग्राहीचा बोलण्याचा भाग मुद्दाम बिघडवून तो प्रयोगशाळेतल्या पेशींत घातला, तरी विषाणू सुखाने आत गेला. निष्कर्ष निघाला, की इथे वर्दीची गरज नाही. २००८ मध्ये युंताओ वू यांच्या गटाने तोच प्रश्न रक्तातून घेतलेल्या, विश्रांतीत असलेल्या टी-पेशींना विचारला आणि उत्तर उलटे आले. अशा पेशीत पटलाखाली ॲक्टिनची दाट जाळी स्वस्थ पडलेली असते आणि पटल ओलांडलेला विषाणूचा गाभा तिथेच अडतो. विषाणूने सीएक्ससीआर-४ ला धरले की आत ग्राहीला जोडलेल्या जी-प्रथिन नावाच्या निरोप्यामार्फत वर्दी जाते, कोफिलिन हे ॲक्टिन कातरणारे प्रथिन सुटे होते आणि जाळीला हालचाल येते. डांग्या खोकल्याच्या जंतूचे विष वापरून हे जी-प्रथिन बंद केले की संसर्ग रोखला जातो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सदैव विभागत असतात, त्यांचे ॲक्टिन सदैव हलत असते. सताड उघड्या घरात कडी वाजवली काय आणि न वाजवली काय, पाहुणा आत येणारच.

आतल्या हाताला धरून विषाणू रोखावा, हा विचार यातूनच आला. विषाणू स्वतःची प्रथिने चटकन बदलून औषधाला चकवतो. पेशीचे कायनेज त्याला बदलता येत नाहीत. यकृतदाहाच्या सी विषाणूला ईजीएफआर या वाढग्राहीची मदत लागते हे २०११ मध्ये दिसले, आणि कर्करोगासाठी आधीच वापरात असलेल्या एर्लोटिनिबने तो ग्राही रोखला तेव्हा पेशींत आणि मानवी यकृतपेशी बसवलेल्या उंदरांत संसर्ग मंदावला. कल्पना देखणी आहे. तरी मला दर वेळी माझी ती निळी प्लेट आठवते. विषाणूला दार उघडणारा कायनेज जखम भरायला, अस्तर नवे करायला, प्रतिकारपेशी हलवायलाही लागतो. त्याला आठवडाभर गप्प बसवणे परवडेल, जन्मभर नाही. सीसीआर-५ अडवणारे मॅराव्हिरॉक २००७ पासून वापरता येते, कारण त्या ग्राहीची एक जन्मजात मोडकी आवृत्ती घेऊन पुष्कळ माणसे बऱ्यापैकी निरोगी जगतात. असे ग्राही विरळा.

माझ्या प्लेटमधल्या पेशीही सदैव जाग्या असलेल्या, सपाट पसरलेल्या, कुणाशी घट्ट सांधे न जोडणाऱ्या होत्या. म्हणून ॲडेनोविषाणूला त्यांच्यावर सीएआर कुठेही सापडे आणि म्हणून तर ती हिरवी झालर इतकी भरगच्च दिसे. श्वासनलिकेचे अस्तर तसे नसते. तिथे सीएआर आणि इंटिग्रिन दोन्ही सांध्यांत आणि खालच्या अंगाला दडलेले असतात, आणि १९९० च्या दशकात सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसे निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजारावर जनुकोपचार करण्यासाठी नाकातून आणि फुप्फुसातून दिलेले ॲडेनोविषाणू पुष्कळसे वरच पडून राहिले ते याचमुळे. मग खोकल्यातून उडालेला एखादा साधा ॲडेनोविषाणू पहिल्या पेशीत शिरतो कसा? झुरिकच्याच उर्स ग्रेबर यांच्या गटाने २०११ मध्ये एक वाट दाखवली. अस्तरावर गस्त घालणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना विषाणूची चाहूल लागली की त्या इंटरल्यूकिन-८ सोडतात. पांढऱ्या पेशींना मदतीला बोलावणारी ही हाक अस्तराच्या पेशीही ऐकतात. त्यांच्यात एसआरसी जातीचे कायनेज जागे होतात, आणि खाली दडलेले सीएआर आणि इंटिग्रिन वर, श्वासाच्या बाजूला येऊन उभे राहतात. विषाणू तोवर तिथेच असतो.